पोटनिवडणुकीचा कौल

ता. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी इंग्लंडच्या कॉमन्स सभेत पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी जे भाषण केले, त्याचा डाग त्यांच्या कीर्तीवरून पुढे कधीच पुसला गेला नाही. जर्मनी उघडउघड शस्त्रसज्ज होत असता इंग्लंडने हातची वर्षे का दवडली, असा सवाल विन्स्टन चर्चिल यांनी टाकला होता. आपण अगदी निखळ मोकळेपणाने उत्तर देणार आहोत, असे बाल्डविन आरंभीच म्हणाले, आणि दुर्दैवाने ते खरोखरच मोकळेपणाने बोलले. १९३३ च्या शरद ऋतूत फुलहॅम येथे झालेल्या पोटनिवडणुकीची त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली. सरकारच्या ताब्यातील ती जागा सुमारे सात हजार मतांनी गेली, आणि गेली ती केवळ शांततावादाच्या प्रश्नावर. अशा वेळी देशापुढे जाऊन, जर्मनी शस्त्रे वाढवीत आहे, तेव्हा आपणही वाढविली पाहिजेत, असे म्हटले असते, तर ही शांतताप्रिय लोकशाही त्या हाकेला धावली असती काय? निवडणूक गमावण्याचा याहून हमखास उपाय आपल्याला तरी दिसत नव्हता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पुढे महायुद्ध झाले. चर्चिल यांनी त्या युद्धाचा इतिहास लिहिला. त्याच्या पहिल्या खंडाच्या सूचीत बाल्डविन यांच्या नावापुढे एक नोंद आहे. देशापेक्षा पक्षाला अधिक मानल्याची त्यांनी कबुली दिली, असे ती नोंद सांगते. एखाद्या राजकीय पुरुषावर ग्रंथाच्या सूचीतून इतका कठोर निवाडा क्वचितच दिला गेला असेल.

लंडनच्या एका मध्यम वस्तीच्या मतदारसंघात काही हजार माणसांनी एका दिवशी मत बदलले, आणि त्या बदलाचे ओझे एका साम्राज्याच्या संरक्षणनीतीवर तीन वर्षे राहिले, असे खुद्द पंतप्रधानांनी सांगावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या मतदारांना खरोखर काय सांगावयाचे होते? आणि जे ऐकणारे होते, त्यांनी काय ऐकले?

मराठीत आपण या निवडणुकीला पोटनिवडणूक म्हणतो. पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू या शब्दांच्या रांगेत तो शब्द बसतो, आणि त्यामुळे ती काही दुय्यम, कोणाच्या तरी आश्रयाने राहणारी गोष्ट असावी असे वाटते. एका अर्थी ते खरेही आहे. सार्वत्रिक निवडणुकीत मतदार सरकार निवडतो. पोटनिवडणुकीत तो केवळ एका रिकाम्या खुर्चीवर माणूस बसवितो. सरकार पडण्याची धास्ती त्याला नसते, म्हणून त्याची जीभ सैल होते. एरवी ज्या पक्षाला तो पिढ्यान्‌पिढ्या मत देत आला, त्याला चार खडे बोल सुनवावयाचे, तर हीच संधी. आणि ही संधी येते तीही कशी? पंचांग पाहून नव्हे. कोणी सभासद मरण पावतो, पूर्वी कोणाच्या वाट्याला वडिलांची लॉर्ड ही पदवी येऊन त्याला वरच्या सभागृहात जावे लागे, कोणी न्यायाधीश होतो. ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदाला साधा राजीनामा देता येत नाही, हाही एक गमतीचा भाग. अठराव्या शतकापासून चालत आलेल्या रूढीप्रमाणे त्याला राजाच्या पदरची चिल्टर्न हंड्रेड्सची नाममात्र नोकरी पत्करावी लागते, आणि ती पत्करताच त्याची जागा रिकामी होते.

पूर्वी तर याहून विचित्र नियम होता. मंत्रिपद स्वीकारणाऱ्या सभासदाला आपल्या मतदारांपुढे पुन्हा उभे राहून कौल घ्यावा लागे. १९०८ साली तरुण चर्चिल प्रथमच मंत्रिमंडळात आले आणि त्या आनंदातच मँचेस्टरमध्ये ४२९ मतांनी पडले. काही दिवसांतच डंडी येथून त्यांना निवडून यावे लागले. हा नियम १९२६ मध्ये कायमचा गेला. त्या दिवशी त्याबद्दल सर्वांत जास्त समाधान चर्चिल यांनाच वाटले असल्यास नवल नाही.

बाल्डविन यांची गोष्ट समजण्यासाठी मात्र फुलहॅमच्या आधी अडीच वर्षे मागे जावे लागते. आणि तेथे हिंदुस्थानचाही संबंध येतो. १९३१ च्या आरंभी हुजूर पक्ष विरोधी बाकांवर होता आणि बाल्डविन यांचे नेतेपद डळमळत होते. लॉर्ड बीव्हरब्रुक आणि लॉर्ड रॉदरमिअर या दोन बलाढ्य वृत्तपत्रस्वामींनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली होती. साम्राज्यातील व्यापाराला संरक्षण देणारी जकात हा तिचा एक धागा, आणि हिंदुस्थानविषयी बाल्डविन यांनी धरलेले मवाळ धोरण हा दुसरा. व्हाइसरॉय आयर्विन यांच्या धोरणाला बाल्डविन यांचा पाठिंबा होता. त्याच कारणाने चर्चिल त्यांच्या आतल्या वर्तुळातून जानेवारीत बाहेर पडले होते. गांधीजींना उद्देशून अर्धनग्न फकीर हे कुप्रसिद्ध शब्द चर्चिल यांनी उच्चारले ते याच फेब्रुवारीत. अशा वेळी वेस्टमिन्स्टरच्या सेंट जॉर्जेस या अतिश्रीमंत मतदारसंघातील हुजूर पक्षाचे सभासद निधन पावले, आणि तेथे बाल्डविन यांच्या विरोधात सर अर्नेस्ट पेटर हे कारखानदार स्वतंत्र हुजूर उमेदवार म्हणून उभे राहिले. मार्चच्या पहिल्या तारखेला बाल्डविन यांनी नेतेपद सोडण्याचे मनाशी जवळजवळ ठरविले होते. मित्रांनी त्यांना परावृत्त केले. मग त्यांच्या बाजूने डफ कूपर यांनी उमेदवारी पत्करली.

५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. रॉदरमिअर यांच्या पत्रांनी या निवडणुकीत गांधीजींचे नाव इतक्या वेळा घेतले की, जणू लंडनच्या सरदारवस्तीतील मतपेटी दांडीच्या किनाऱ्यावरच ठेवली होती. १७ मार्चला बाल्डविन यांनी आपले सर्वांत गाजलेले भाषण केले. या वृत्तपत्रस्वामींना जबाबदारीवाचून सत्ता हवी आहे, आणि हा तर युगानुयुगे वारांगनांचाच अधिकार होय, असा त्यातला टोला. वाक्य त्यांचे नव्हते, त्यांचे मावसभाऊ रड्यार्ड किपलिंग यांचे होते. परंतु लागले ते वर्मी. दोन दिवसांनी मतदान झाले. डफ कूपर यांना १७,२४२ आणि पेटर यांना ११,५३२ मते पडली. बाल्डविन यांचे नेतेपद वाचले. त्यांच्या हिंदुस्थानविषयक धोरणालाही मतदारांनी मान्यता दिली, असे त्यांच्या मित्रांनी मानले. ते कितपत खरे? त्या वस्तीतील मतदारांनी आयर्विनचा करार वाचून मत दिले, की वृत्तपत्रांच्या दांडगाईचा त्यांना वीट आला होता? याचे उत्तर मतपत्रिकेवर लिहिलेले नसते. तेथे असते ती एक फुली.

पोटनिवडणुकीने ज्याला एकदा तारले, त्याला ती पुढे एकदा भिववू शकते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

त्याच वर्षी, आर्थिक अरिष्टात, रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे संयुक्त राष्ट्रीय सरकार आले. ऑक्टोबरमधील सार्वत्रिक निवडणुकीत त्याने ६१५ पैकी ५५४ जागा जिंकल्या. मॅक्डोनल्ड नावाला पुढे. बळ सारे हुजूर पक्षाचे, आणि त्याचे नेते बाल्डविन. पूर्व फुलहॅममध्ये हुजूर उमेदवाराला त्या वेळी १४,५२१ मतांचे आधिक्य मिळाले होते. ऑगस्ट १९३३ मध्ये हे सभासद वारले आणि ऑक्टोबरच्या २५ तारखेला मतदान ठरले. मध्यंतरी, १४ ऑक्टोबरला, हिटलरने निःशस्त्रीकरण परिषदेतून आणि राष्ट्रसंघातून जर्मनीला बाहेर काढले. हुजूर पक्षाचे उमेदवार वॉल्ड्रन यांनी लष्करी बळ वाढविण्याचा पुरस्कार केला. मजूर पक्षाचे जॉन विल्मट यांनी, हे लोक युद्धाची तयारी करीत आहेत, असा प्रचार केला. मजूर पक्षाचे वृद्ध नेते जॉर्ज लॅन्सबरी यांनी मतदारांना संदेश पाठविला, तो तर सैन्यभरतीची सारी केंद्रे बंद करून हवाई दलाची शस्त्रे काढून घेण्याचा. निकाल लागला तेव्हा विल्मट यांना १७,७९० आणि वॉल्ड्रन यांना १२,९५० मते होती. चौदा-साडेचौदा हजारांचे आधिक्य नुसते वितळले नाही, तर ते ४,८४० मतांच्या तुटीत बदलले.

म्हणजे आधिक्य ४,८४० चे होते. बाल्डविन यांनी तीन वर्षांनी कॉमन्स सभेत सांगितले ते सुमारे सात हजारांचे. धसका घेतलेल्या माणसाच्या स्मरणात आकडे असेच वाढतात.

आता प्रश्न असा की, हा कौल शांततेचा होता काय? पुढील काळातील अभ्यासकांनी त्या दिवसांतील पत्रके, सभा आणि वृत्तपत्रे तपासली, तेव्हा त्यांना वेगळे चित्र दिसले. विल्मट यांच्या प्रचारात शांततेइतकीच, किंबहुना अनेक ठिकाणी तिच्याहून अधिक जागा, घरांच्या टंचाईला, वाढलेल्या भाड्यांना आणि बेकारांच्या मिळकतीच्या चौकशीला होती. ही चौकशी म्हणजे त्या काळातील इंग्रज कामकऱ्याच्या जिव्हारी लागलेली गोष्ट. बेकारभत्ता देण्यापूर्वी सरकारी माणूस घरात येई, मुलगा किती मिळवितो, घरात विकण्याजोगे काय आहे, हे पाही. ज्या घराने असा माणूस उंबऱ्याच्या आत आलेला पाहिला, त्या घराला सरकारवर राग काढावयास जिनीव्हाच्या परिषदेची वाट पाहण्याचे कारण नव्हते. नेव्हिल चेंबर्लेन तेव्हा अर्थमंत्री होते. खरा हल्ला या चौकशीवरच होता असे त्यांच्याही कानावर आले होते, आणि तसे त्यांनी आपल्या बहिणीला लिहिले. पुढच्या मार्चमध्ये मजूर पक्षाने लंडन कौंटी कौन्सिल प्रथमच जिंकले. तेथे तर युद्ध-शांततेचा निर्णय करावयाचाच नव्हता. शाळा, इस्पितळे आणि घरे यांचा करावयाचा होता.

आणखी एक गोष्ट आहे. फुलहॅमने सरकारचे हात अगदी बांधून टाकले, हे बाल्डविन यांचे म्हणणे त्यांच्याच सरकारच्या कृतीशी पुरते जुळत नाही. संरक्षणाच्या उणिवा शोधण्यासाठी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली ती त्याच नोव्हेंबरात, आणि हवाई दल वाढविण्याची योजना जाहीर झाली ती जुलै १९३४ मध्ये. वेग मंद होता, आणि जे झाले ते अपुरे होते, हे निर्विवाद. पण ते सारे एका पोटनिवडणुकीच्या माथी मारणे म्हणजे स्वतःच्या संकोचाला मतदारांचे नाव देणे होय. चर्चिल यांनी केलेला आरोपही तितकाच सैल आहे. बाल्डविन १९३३-३४ या काळाबद्दल बोलत होते; पुष्कळांनी ते १९३५ च्या सार्वत्रिक निवडणुकीबद्दल बोलले असे धरले, आणि मतदारांना फसवून निवडणूक जिंकल्याचा ठपका त्यांच्यावर आला. वास्तविक त्या निवडणुकीत शस्त्रवाढीची भाषा त्यांनी केली होती. ती जपून केली होती, इतकेच.

बाल्डविन यांनी प्रत्येक पोटनिवडणुकीला मान तुकविली असे मात्र नाही, आणि हे हिंदी श्रोत्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. फेब्रुवारी १९३५ मध्ये लिव्हरपूलच्या वेव्हरट्री विभागात पोटनिवडणूक झाली. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचे विधेयक तेव्हा पार्लमेंटपुढे होते. त्या विधेयकाला विरोध म्हणून चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले. त्यांना दहा हजारांवर मते मिळाली; हुजूर पक्षाची मते फुटली आणि जागा मजूर पक्षाच्या पदरात पडली. हुजूर पक्षाची हक्काची जागा हिंदुस्थानच्या प्रश्नावरील फुटीत गेली, असे म्हणावयास येथे फुलहॅमपेक्षा कितीतरी अधिक आधार होता. तरी सरकार डगमगले नाही. मतदानानंतर आठवडा उलटण्यापूर्वीच विधेयकाचे दुसरे वाचन ४०४ विरुद्ध १३३ मतांनी संमत झाले. पुढच्या महिन्यात रँडॉल्फ यांनी लंडनच्या नॉर्वुड विभागात आणखी एक उमेदवार उभा केला. तो सपशेल पडला, आणि निवडून आलेले अधिकृत उमेदवार डंकन सँडीज हे त्याच वर्षी रँडॉल्फ यांच्या बहिणीशी विवाहबद्ध झाले.

म्हणजे ज्या धोरणावर बाल्डविन यांचा मनापासून विश्वास होता, त्याच्या आड पोटनिवडणूक येऊ शकली नाही. जेथे त्यांचे स्वतःचेच मन द्विधा होते, तेथे फुलहॅमच्या मतदारांचा आवाज त्यांना फार मोठा ऐकू आला.

आणि ते मतदार? १९३५ च्या नोव्हेंबरात सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा पूर्व फुलहॅमने विल्मट यांना पाडून हुजूर पक्षाला परत बोलाविले. वेव्हरट्रीनेही तेच केले. देशभर सरकारला पुन्हा मोठे बहुमत मिळाले. रागावलेला इंग्रज मतदार दार आपटून बाहेर पडतो. पण सरकार बनविण्याची वेळ आली की बहुधा दिवेलागणीला घरी येतो.

बाल्डविन यांची एक अडचण मात्र नाकारता येत नाही. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात लोकांचे मन जाणण्याचे दुसरे मोजमाप त्यांच्यापाशी नव्हते. लोकमताची नमुना-चाचणी घेणारी गॅलप संस्था इंग्लंडमध्ये आली ती १९३७ मध्ये. पुढे मोजमाप हाती आले, तरी त्यावर विश्वास बसावयास वेळ लागला. १९४५ साली मजूर पक्ष पुढे आहे, असे या चाचण्या दाखवीत होत्या. निकाल लागेपर्यंत बहुतेक पुढाऱ्यांना ते खरे वाटले नाही. १९६० च्या सुमारास मात्र चाचण्या वर्तमानपत्रांचे रोजचे खाद्य झाल्या. त्या काळी जी पोटनिवडणूक झाली, तिने फुलहॅमचीच कथा नव्या वेषात पुढे आणली.

ऑर्पिंग्टन हे तेव्हा लंडनच्या आग्नेयेस केंट परगण्यातले गाव होते. कोंबड्या पाळणाऱ्यांना हे नाव तेथील एका जातिवंत कोंबडीमुळे परिचित आहे. १९५९ साली तेथे हुजूर उमेदवाराला २४,३०३ मते मिळाली होती. मजूर पक्षाला ९,५४३ आणि उदारमतवाद्यांना ९,०९२. निवडून आलेले गृहस्थ न्यायाधीश झाले आणि १४ मार्च १९६२ रोजी पुन्हा मतदान झाले. हुजूर पक्षाने पीटर गोल्डमन हा आपल्या कचेरीतला बुद्धिमान माणूस पाठविला. उदारमतवाद्यांनी एरिक लबक हा गावचाच इंजिनिअर उभा केला. बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्यांचा कायदा १८७१ मध्ये ज्यांच्या खटपटीने झाला, त्या सर जॉन लबक यांचा हा नातू. दरम्यान अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांनी जुलै १९६१ पासून पगारवाढ रोखून धरली होती. शिक्षक, परिचारिका आणि सरकारी नोकर यांना तिची झळ लागली, आणि लंडनला रोज आगगाडीने ये-जा करणारा पांढरपेशा वर्ग ऑर्पिंग्टनमध्ये दाट होता.

लबक यांना २२,८४६ मते मिळाली, गोल्डमन यांना १४,९९१. मजूर पक्षाच्या उमेदवाराची ५,३५० मतांत अनामत रक्कमही गेली. याचा अर्थ नाराज हुजूर मतदार तर उदारमतवाद्यांकडे गेलेच. परंतु आपला उमेदवार येत नाही हे ओळखून मजूर मतदारांनीही त्यांच्या पाठीला पाठ लावली. एका चाचणीत तर उदारमतवादी दोन्ही मोठ्या पक्षांच्या किंचित पुढे गेले. ऑर्पिंग्टनचा माणूस हा एक नवाच प्राणी वृत्तपत्रांनी शोधून काढला, आणि त्याला काय हवे यावर स्तंभ भरू लागले.

पंतप्रधान हॅरल्ड मॅक्मिलन हे बाल्डविन यांच्यापेक्षा कितीतरी थंड डोक्याचे समजले जात. १२ जुलैला लेस्टरच्या एका पोटनिवडणुकीत त्यांचा उमेदवार तिसरा आला. मंत्रिमंडळाच्या फेरबदलाचा विचार त्यांच्या मनात आधीपासूनच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घाईघाईने अमलात आणला आणि सेल्विन लॉइड यांच्यासह सात मंत्र्यांना एका झटक्यात घरी पाठविले. माणसाने मित्रांसाठी प्राण द्यावा हे बायबलातले वचन. जेरेमी थॉर्प या उदारमतवादी सभासदाने ते उलटे करून, हे गृहस्थ आपल्या प्राणासाठी मित्र देतात, असे म्हटले. मॅक्मिलन यांच्या धीरोदात्त प्रतिमेला त्या दिवशी जो तडा गेला, तो सांधला नाही.

उदारमतवाद्यांनी ऑर्पिंग्टनच्या निकालात आपल्या राज्याभिषेकाची तिथी वाचली. १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना तीस लाखांहून अधिक मते मिळाली, जागा नऊ. सत्ता मजूर पक्षाकडे गेली. लबक मात्र टिकले. फुलहॅमप्रमाणे ऑर्पिंग्टन लगेच माघारी फिरले नाही. १९६४ आणि १९६६ अशा दोन्ही वेळी त्याने त्यांनाच पाठविले, आणि १९७० मध्ये हुजूर पक्षाला जागा परत दिली.

पुढच्याच वर्षी लबक यांच्याकडे वारसाने लॉर्ड एव्हबरी ही पदवी आली आणि ते वरच्या सभागृहात गेले. १९९९ मध्ये वंशपरंपरागत लॉर्डांची संख्या कमी करण्यात आली. राहणाऱ्यांना आपसांत निवडून यावयाचे होते, आणि एव्हबरी निवडून आले. अशा सभासदाची जागा रिकामी झाली की, तीही पोटनिवडणुकीने भरावी, अशी व्यवस्था त्या वेळी होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. एप्रिलमध्ये त्यांच्या जागेसाठी निवडणूक झाली तेव्हा उमेदवार सात होते आणि मतदार तीन. तिन्ही मते एकाच उमेदवाराला, लॉर्ड थर्सो यांना, पडली.